पाचगणीला चढलेल्या भिंती

नोकरीला लागल्यावरचा माझा पहिला मंगळवार एक भिंत शोधण्यात गेला.

कडेगावच्या अलीकडे, उसाच्या शेतांना लागून आमचा कारखाना आहे. इमारतीच्या भिंती, जिने, स्लॅब तिथं आधीच ओतून तयार करतात, मग गाडीवर घालून जागेवर नेतात आणि क्रेननं उचलून जोडतात. त्या मंगळवारी साताऱ्याच्या एमआयडीसीत आमच्या एका गोदामाची जोडणी चालू होती. तिथून सकाळीच फोन आला, सतरा नंबरची भिंत पाठवा, क्रेन थांबलीय. भिंत तयार होती, वहीत तशी नोंदही होती. पण यार्डात ती नेमकी कुठं उभी आहे हे कुणालाच सांगता येईना. दुपारी ती मिळाली, आठ भिंतींच्या पाठीमागं. पुढच्या आठही काढून बाजूला ठेवाव्या लागल्या, आणि त्या गडबडीत सतरा नंबरचा कोपरा फुटला. कोपरा भरून, सुकवून ती साताऱ्याला पोचायला गुरुवार उजाडला.

मला त्या दिवशी सगळ्यात नवल वाटलं ते एका गोष्टीचं. कुणी चिडलं नाही की कुणी हळहळलं नाही. असं व्हायचंच, असा सगळ्यांचा चेहरा होता.

बांधकामातलं मला तोवर काहीच कळत नव्हतं. मी कराडला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि नऊ वर्षं पुण्याजवळ गाड्यांचे ब्रेक जोडायच्या कारखान्यात लाइनवर काढली. पुढं सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, घरी माणूस पाहिजे म्हणून आम्ही गावी परतलो. नवऱ्यानं शेती हातात घेतली आणि मी जवळपास काम शोधायला लागले. आमच्या मालकांनी मला मुलाखतीत एकच विचारलं होतं, की तुमच्या ब्रेकच्या कारखान्यात माल पडून का राहत नाही. मी म्हटलं, पुढच्याला लागेल तेवढंच आणि लागेल तेव्हाच मागच्यानं करायचं, असा तिथं नेम आहे. त्याला लीन म्हणतात, म्हणजे सडपातळ. ज्या कामानं वस्तू पुढं सरकत नाही ते काम शोधायचं आणि काढून टाकायचं. मालक मूळचे सांगलीचे, जुने ठेकेदार. त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाले, सोमवारपासून या.

भिंत शोधण्याच्या त्या प्रकारानंतर मी एक वही घेतली आणि एका भिंतीच्या मागं लागले. तिची लोखंडी जाळी बांधायला घेतली तेव्हापासून ती गाडीवर चढेपर्यंत काय काय झालं ते सगळं लिहीत गेले. बावीस दिवस लागले. त्या बावीस दिवसांत भिंतीला माणसाचा हात लागला तो वेळ सगळा मिळून एका दिवसाचासुद्धा नव्हता. काँक्रीट पक्कं व्हायला लागणारे दिवस सोडले, तर बाकी सगळा वेळ ती नुसती उभी होती. सहा वेळा क्रेननं तिला उचललं, त्यातल्या चार वेळा दुसरीच कुठली तरी भिंत काढायची होती म्हणून.

ही वही मी मालकांपुढं वाचून दाखवली. तेव्हा आमचे हवालदारकाकाही तिथं होते. काका म्हणजे कारखान्याचे मुख्य मिस्त्री. फौजेत इंजिनिअर पलटणीत वीस वर्षं काढून आलेले, साठीला टेकलेले, पांढऱ्या मिशा. कारखाना उभा राहिल्यापासून भिंती ओतण्याचं सगळं काम त्यांच्या हाताखाली चालायचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भिंत काय भाजी हाय व्हय बाई, शिळी व्हायला? पडली तर पडली. हितं गाड्या बनत न्हाईत."

मी वही मिटली. मालक मात्र खिडकीतून यार्डाकडं बघत बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी सांगितलं, पाचगणीच्या एका शाळेचं वसतिगृह आपण घेतलंय.

त्या एका वाक्यानं काकांचाही चेहरा उतरला. मुलींचं वसतिगृह, दोन मजली, सोळा खोल्या. जुनी इमारत धोकादायक ठरवून पाडलेली. मुली सुट्टीला गेल्या की जोडणी सुरू करायची आणि जूनमध्ये शाळा भरायच्या आत किल्ल्या द्यायच्या. त्यानंतर त्या डोंगरावर जो पाऊस सुरू होतो त्यात क्रेन उभीही करता येत नाही. आणि आम्ही तर साताऱ्याच्या सपाट जागेवरचं साधं गोदाम दोन महिने उशिरा संपवत होतो.

पुढच्या रविवारी मालक आणि मी जीपनं पाचगणीला गेलो. पसरणीच्या घाटात प्रत्येक वळणावर उतरून मी टेपनं मोजलं. आमचा लांब ट्रेलर तिथं वळणार नव्हता, लहान ट्रक लागणार होते, आणि एका ट्रकमध्ये फार तर एका खोलीच्या भिंती मावणार होत्या. वर जागा पाहिली तर आणखी पंचाईत. एका अंगाला उतार, दुसऱ्या अंगाला शाळेचे वर्ग, आणि मधे क्रेन उभी राहील एवढंच मोकळं. भिंत उतरवून ठेवायला तिथं एक फूटही जागा नव्हती. ट्रकमधून उचलायची आणि सरळ जागेवर लावायची, दुसरा इलाजच नव्हता.

म्हणजे रोज एक पूर्ण खोली तयार व्हायला हवी होती, तीही लावायच्या क्रमानं. आमची पद्धत अगदी उलटी होती. एका मापाच्या भिंती सगळ्या एकदम ओतायच्या, मग दुसऱ्या मापाच्या. त्यालाही कारण होतं. भिंत ओतायच्या लोखंडी टेबलावर कडेच्या पट्ट्या बोल्टनं आवळलेल्या असतात. माप बदलायचं म्हणजे त्या सगळ्या सोडवून नव्यानं बसवायच्या. त्यात अर्धा दिवस जायचा. रोज माप बदलायचं म्हटलं तर रोज अर्धा दिवस पाण्यात.

मी काकांना म्हटलं, हा वेळ कमी करावा लागेल. ते म्हणाले की हा वेळ वीस वर्षांपूर्वीही एवढाच होता आणि पुढंही एवढाच राहणार. मी दुसऱ्यांदा विषय काढला तेव्हा ते उठून गेले. त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी थेट बोलले नाहीत. काही सांगायचं असेल तर जाळीवाल्या मावशींच्या तोंडी निरोप यायचा.

या मावशी सळयांची जाळी बांधणाऱ्या सहा बायकांच्या प्रमुख. शेजारच्याच गावच्या, पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या. त्यांच्या हाताला अशी गती होती की तारेला पीळ कधी बसला ते दिसायचं नाही. एकदा निरोप सांगून झाल्यावर त्या तिथंच थांबल्या. मी विचारलं, काय झालं. त्या म्हणाल्या की नकाशा ऑफिसच्या भिंतीवर लावलाय, आम्ही काम करतो शेडमधे. दर सळईला माणूस उठून जातो, बघून येतो, आणि येईपर्यंत निम्मं विसरतो.

"मग काय करावं?" मी विचारलं.

"रांगोळीला आधी ठिपकं काढतो का न्हाई? तसं टेबलावर रंगानं ठिपकं काढून द्या. लाल ठिपक्यावर जाड सळई, पिवळ्यावर बारीक. मग नकाशा कशाला बघायचा?"

नऊ वर्षं मी लाइनवर काढली, अशा खुणांवर दोन प्रशिक्षणंही घेतली होती. पण हे मला सुचलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघींनी बसून पहिल्या टेबलावर ठिपके काढले. उभ्या जाड सळयांना लाल, आडव्या बारीक सळयांना पिवळे, विजेच्या पेटीला निळा चौकोन, उचलायच्या हुकांना पांढरी फुली. त्या दिवशी जाळी जेवणाच्या सुट्टीआधी बांधून झाली. एरवी संध्याकाळ व्हायची. बायका डबे सोडून बसल्या आणि आज आता करायचं काय, म्हणून हसायला लागल्या.

काका लांबून बघत होते. दुपारी ते शेडमागच्या कडुलिंबाखाली एकटेच भाकरी खात बसले होते. मी माझा डबा घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले. कामाचं काही बोलायचं नाही असं ठरवूनच गेले होते. फौजेतलं काहीबाही विचारत राहिले. त्यांनी नदीवर लोखंडी पूल टाकल्याचं सांगितलं. सगळे तुकडे गाड्यांतून यायचे आणि माणसं ते जोडत जोडत नदीवर पुढं सरकायची. मी सहज विचारलं, "आवं काका, मधेच एखादा तुकडा सापडला न्हाई तर?"

"सापडत न्हाई म्हंजे? मोजून चढवत्यात. पयला लागणारा वरती, शेवटचा तळाला. कुणाच्या हातात कुठली पिन, कुणाच्या हातात कुठला पाना, सगळं ठरल्यालं असतंय. न्हाईतर पूल व्हतोय व्हय?"

एवढं बोलून त्यांचा घास हातातच राहिला. मी माझ्या डब्यात बघत राहिले. मग त्यांनी पाणी प्यायलं, मिशा पुसल्या आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा टेबलाभोवती आठ गडी रांगेत उभे होते, प्रत्येक बाजूला दोन. काकांच्या गळ्यात शिट्टी होती. पान्यांसाठी त्यांनी भिंतीवर फळी ठोकली होती आणि प्रत्येक पान्याच्या आकाराची खडूनं आकृती काढली होती, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते लांबूनही कळावं. "ताई, घड्याळ लावा," ते मला म्हणाले. बाई म्हणायचं त्यांनी त्या दिवसापासून सोडलं.

पहिल्या दिवशी तीन तास लागले. काकांनी त्यावर तोंडही वाकडं केलं नाही. रोज काम सुटायच्या आधी एकदा कवायत असायची. पट्ट्या सोडवायच्या, बसवायच्या, परत सोडवायच्या. त्यांच्याच लक्षात आलं की चार मापांचे बोल्ट आहेत म्हणून गडी सारखे पाने बदलतात. त्यांनी सगळे बोल्ट एका मापाचे करून घेतले. मग त्यांनी पट्ट्यांना नंबर घातले. पुढं तर पुढच्या भिंतीच्या पट्ट्या आधीच टेबलाशेजारी क्रमानं मांडून ठेवायला लागले. होळीच्या सुमाराला वेळ दीड तासावर आला आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी चाळीस मिनिटांवर. शेवटचा बोल्ट आवळला आणि काकांनी लांब शिट्टी फुंकली. मी घड्याळ दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, चष्मा लावून पाहिलं, सगळ्या गड्यांना फिरवून दाखवलं आणि मगच परत दिलं.

आणखी एक गोष्ट मी ब्रेकच्या कारखान्यातून आणली होती. चूक दिसली की कुणीही काम थांबवायचं, विचारायला जायचं नाही. प्रत्येक टेबलाजवळ आम्ही काठीला लाल फडकं बांधून ठेवलं आणि सांगितलं, शंका आली की हे वर करा. तीन आठवडे एकानंही ते वर केलं नाही. चुका होत होत्या, पण फडकं वर करायचं म्हणजे साहेबाच्या तोंडावर चूक दाखवायची. तेवढं धाडस कुणाला होत नव्हतं.

चैत्रातल्या एका तापलेल्या दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिका कारखाना बघायला आल्या होत्या. मालक त्यांना फिरवत होते. काँक्रीटची गाडी टेबलाला लागलेली होती, एक गडी काँक्रीट उतरायची घसरगुंडी उघडणार, तेवढ्यात मावशींनी फडकं वर केलं. सगळे जागच्या जागी थांबले. त्या उन्हात काँक्रीट गाडीत फार वेळ ठेवता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मालकांच्या कपाळावर आठी आली. मी धावत गेले.

"खिडकी उलटी हाय," मावशी म्हणाल्या. त्यांनी काठी खाली आणली नाही. "उजव्या अंगाची काल झाली, ही डाव्या अंगाची खोली. हितं खिडकी उजवीकडं पायजे."

मी नकाशा पाहिला. नकाशात खिडकी टेबलावर होती तशीच होती. मग मी ऑफिसात जाऊन मूळ कागद काढला. वसतिगृहाच्या खोल्या आरशात बघितल्यासारख्या जोडीजोडीनं होत्या, एक डावी, एक उजवी. मी डावीच्या जागी उजवीचा कागद छापून दिला होता. चूक माझी होती. ती भिंत ओतली असती तर पाचगणीला जाऊन खिडकी भलत्याच अंगाला आली असती.

मी परत येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, की मावशी बरोबर आहेत, कागद मीच चुकीचा दिला. काकांनी तोवर गाडी दुसऱ्या टेबलाकडं वळवली होती. तिथली बिनखिडकीची भिंत तयारच होती, त्यामुळे काँक्रीट वाया गेलं नाही. मालक मावशींजवळ गेले. त्या पदर सावरून मागं सरल्या. मालक पाहुण्यांसमोर म्हणाले, "मावशी, उद्या असंच काही दिसलं, तर उद्याही थांबवा. कागद माझ्या हातचा असला तरी."

त्या आठवड्यात फडकं चार वेळा वर गेलं आणि त्यातलं एकदाही उगाच नव्हतं.

एप्रिल सरताना जोडणी सुरू झाली. मी पाचगणीला राहायला गेले, शाळेनं मला एक खोली दिली होती. ट्रक कडेगावहून पहाटे पाचला निघायचा आणि पर्यटकांच्या गाड्या घाटात यायच्या आत वर पोचायचा. पहिला ट्रक आला. मागची झडप उघडली. सगळ्यात बाहेरच्या अंगाला पहिली लागणारी भिंत, तिच्या आत दुसरी, मग तिसरी. काकांनी पूल चढवावा तसा ट्रक भरला होता. क्रेननं भिंत उचलली, वाऱ्यानं ती जरा डुलली, दोघांनी दोऱ्यांनी धरली आणि ती जोत्यातून वर आलेल्या सळयांवर अलगद उतरली.

दुसरी मात्र बसेना. या सळया ज्यांत शिरायच्या त्या तळातल्या भोकांमधे काँक्रीटचा लगदा सुकून बसला होता. छिन्नीनं काढायला दोन तास गेले. मी फोटो काढून लगेच काकांना पाठवला. दुसऱ्या दिवशीच्या ट्रकमधल्या भिंतींची भोकं साफ करून त्यांत लाकडी गुट्ट्या मारलेल्या होत्या आणि एका गुट्टीवर खडूनं लिहिलं होतं, आता बघा. पूर्वी अशी तक्रार कारखान्यात पोचायला महिना लागला असता, आणि तोवर सगळ्या भिंती तशाच ओतून झालेल्या असत्या.

चौथ्या दिवसापासून रोज एक खोली उभी राहायला लागली. सकाळी नऊला मोकळी जागा असायची आणि चारला खोली. शाळेचे माळी, स्वयंपाकीण, पाव विकायला येणारे गृहस्थ, सगळे वेळ काढून बघायला थांबायचे. दुसऱ्या मजल्यावर तर दोन दिवसांत तीन खोल्या व्हायला लागल्या. मला सतत वाटायचं, आज काहीतरी अडणार. अडायचंही, पण सकाळी अडलेलं संध्याकाळपर्यंत सुटायचं. आठ भिंती बाजूला काढून नववी शोधायची वेळ तिथं एकदाही आली नाही, कारण तिथं नववी भिंत नसायचीच.

छताचा शेवटचा स्लॅब चढला तेव्हा मे संपायला अजून नऊ दिवस होते. क्रेनचा हुक सुटून मोकळा वर गेला, आणि मी जिन्यावर बसून आधी काकांना फोन केला. मी सांगितलं, काका, बसला. पलीकडून, शेडमधून ती लांब शिट्टी ऐकू आली, आणि तिच्या मागून माणसांचा गलका. मी फोन कानाला लावून नुसती ऐकत राहिले. खाली मालक डोकं वर करून इमारतीकडं बघत उभे होते. इतकी वर्षं कामं केली, पण वेळेआधी किल्ली द्यायचा अनुभव पहिलाच, असं ते मला नंतर म्हणाले. रंग, नळ, वीज करायला पुरेसे दिवस हातात उरले होते.

मुली येण्याच्या दोन दिवस आधी मालकांनी बस केली आणि सगळ्या कारखान्याला पाचगणीला आणलं. कल्पना मुख्याध्यापिकांची होती. मला तोवर हे लक्षातच आलं नव्हतं, की इतकी वर्षं भिंती ओतणाऱ्या त्या माणसांपैकी बहुतेकांनी त्यातली एकही भिंत इमारतीत उभी असलेली पाहिली नव्हती. बायका नव्या साड्या नेसून आल्या होत्या. काकांनी छातीला मेडलं लावली होती. ते इमारतीत शिरले आणि बोटांनी सांधे चाचपत प्रत्येक खोलीत फिरले. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबून त्यांनी दोनदा टाच आपटली. मग वळून मला म्हणाले, "ताई, ह्यो जिना पुलापेक्षा भारी झालाय." त्यांच्याकडून एवढं ऐकायला मला पाच महिने लागले होते.

मावशी वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत एकट्या गेल्या होत्या. मी आणि मुख्याध्यापिका तिथं पोचलो तेव्हा त्या पलंगाच्या कडेवर बसून भिंतीवर हात फिरवत होत्या. इथं किती पोरी झोपणार, असं त्यांनी विचारलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, चौघी. चारही पलंग आणि चारही कपाटं त्यांनी एकदा मोजून पाहिली.

"निवांत झोपू द्या मग," मावशी म्हणाल्या. "आत सळई कुठं कुठं हाय, मला पाठ हाय."

खालून जेवायची हाक आली. शाळेच्या भोजनगृहात मुलींच्या लांब टेबलांवर आम्ही सगळे बसलो आणि मुख्याध्यापिकांनी स्वतः वाढलं. पुरीचा पहिला घास काकांनी हातात धरून ठेवला होता, मावशी येऊन बसेपर्यंत.